वागणुकीची नोंद केसपेपरवर हवी

संपादक महोदय,

आमच्या सात वर्षांच्या बोक्याने एके सकाळी वाळूचा ट्रे सोडून अंथरुणावर लघवी केली. मग ते रोजचेच झाले. डाग जेमतेम तळहाताएवढा, कडेला किंचित गुलाबी. घरात नुकतीच दुसरी मांजर आणली होती. ते ऐकताच डॉक्टरांनी पोटाला हात न लावता सांगितले, ‘रुसलाय, राग काढतोय. दोन दिवस कोंडून ठेवा.’ आम्ही कोंडले, याचे मला आजही फार वाईट वाटते. त्या खोलीत तो पाच-पाच मिनिटे ट्रेमध्ये वाकून बसे, कण्हत राही आणि वाळू कोरडीच. रात्री दुसऱ्या दवाखान्यात नेले तेव्हा मूत्रमार्ग पूर्ण तुंबला होता. बोक्याची लघवी अशी अडकली की रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. नळी घालावी लागली, पण तो वाचला.

पहिले डॉक्टर अगदीच चुकले नव्हते, हे नंतर कळले. मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते तेव्हा पुष्कळदा ना जंतू सापडतात ना खडे. ताण हे त्यामागचे मोठे कारण असते. नवी मांजर आली म्हणून तो अस्वस्थ झाला, हे खरेच. फक्त त्या अस्वस्थतेने त्याचे मूत्राशय सुजले होते. म्हणूनच पुढे वेदनाशामकांच्या जोडीने दोघांचे ट्रे आणि पाण्याची भांडी वेगळी करा, त्याला उंचावर बसायला जागा द्या, असेही सांगण्यात आले. तो उपचारच होता.

तपासणीच्या टेबलावरही हेच. घाबरलेल्या मांजराची रक्तातली साखर नुसत्या भीतीने इतकी चढते की मधुमेह वाटावा. अशा वेळी मागच्या काही दिवसांतली सरासरी साखर सांगणारी फ्रुक्टोसामीन ही रक्तचाचणी करून खात्री करावी लागते. घरी लंगडणारा कुत्रा दवाखान्यात भीतीपोटी सरळ चालतो. त्यामुळे घरचा व्हिडिओ काढून नेणे फार उपयोगी पडते, हे मी प्रत्येक प्राणीपालकाला सांगेन.

गुराढोरांच्या बाबतीत तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे. रेबीज झालेली गाय घोगऱ्या आवाजात हंबरते, लाळ गाळते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल म्हणून लोक तिच्या तोंडात हात घालतात. दोन दिवसांपासून ही वेगळी वागतेय का, एवढे आधी विचारले तर तो हात थांबू शकतो.

कार्ल फॉन फ्रिश, कोन्राड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांना प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल मिळाले, ते वैद्यकशास्त्राचे. तरीही वागणे म्हणजे स्वभाव आणि ताप म्हणजे आजार, ही वाटणी अजून अनेक दवाखान्यांत टिकून आहे.

पशुवैद्यकांना माझी कळकळीची विनंती आहे. केसपेपरवर वजन आणि तापमानाच्या खाली एक ओळ वाढवा : वागण्यात काय बदलले, कधीपासून? आम्हाला त्या दिवशी डाग केवढा होता, एवढे जरी कोणी विचारले असते, तरी आम्ही हाताने दाखवले असते.

– एक प्राणीपालक