ओटीपी नेमका कोणाच्या मोबाइलवर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हातापायांच्या हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्या प्रौढ मुलांसाठी तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एका कार्यशाळेत मी काम करते. मुलांना फायली, कागदी पिशव्या, मेणबत्त्या करायला शिकवणे हे आमचे मूळ काम. परंतु अलीकडे आमचा बराचसा वेळ पालकांच्या वतीने निरनिराळ्या शासकीय पोर्टलवर अर्ज भरण्यात जातो. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), निराधार अनुदान, आरोग्य विमा, हयातीचा दाखला, आधारमधील दुरुस्ती, काही ना काही रोज असतेच. ऑनलाइन व्यवस्थेला आमचा विरोध नाही. नुसता अर्ज देण्यासाठी मुलाला उचलून एसटीत बसवावे लागत असे, ते दिवस परत यावेत असे कोणालाच वाटत नाही. तक्रार एवढीच आहे की, दिव्यांग व्यक्तीच्या शेजारी बसून तिचा अर्ज भरणारे कोणी असते, हे यातल्या बहुतेक पोर्टलनी गृहीतच धरलेले नाही.

पोर्टलच्या लेखी अर्जदार एकटा असतो, त्याच्याजवळ स्वतःचा मोबाइल असतो, आलेला ओटीपी तो वाचतो आणि संमतीच्या चौकटीत समजून-उमजून खूण करतो. प्रत्यक्षात आधारला जोडलेला क्रमांक वडिलांचा असतो आणि वडील ऊसतोडीला गेलेले असतात; फोनवरून त्यांनी आकडे सांगेपर्यंत मुदत संपते. वडील वारल्यावर सिम बंद पडले असेल, तर आधी आधार केंद्र गाठावे लागते. तिथे आमच्या एका मुलीची आखडलेली मूठ उघडून बोटे यंत्रावर टेकवण्यासाठी आई आणि मी दोघी झटत होतो आणि ऑपरेटर ‘ताई, जरा जोरात दाबा’ असे सांगत होता. ठसे देऊ न शकणाऱ्यांसाठी अपवादाची तरतूद आहे, पण ती खिडकीपलीकडे बसलेल्या माणसाला ठाऊक असावी लागते. चेहऱ्यावरून होणाऱ्या पडताळणीत डोळे मिचकावण्याची अट असते, तिथेही हीच गत. या अटीसंबंधीच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

यावर आमच्यासारख्या संस्थांनी काढलेली वाट सरळ नाही, हे मान्य केले पाहिजे. अर्जात संस्थेतल्या एखाद्या कर्मचाऱ्याचा मोबाइल क्रमांक टाकला जातो, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून गेली की दिव्यांगत्वाच्या वैद्यकीय तपासणीच्या तारखेचा संदेशही तिच्याबरोबर जातो. ही किरकोळ बाब नाही. दिव्यांगत्व प्रमाणपत्राविषयीच्या नियमांत ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, दोन वर्षांत निर्णय न झालेला अर्ज निष्क्रिय ठरतो आणि अर्जदाराला नव्याने धावपळ करावी लागते. शिवाय पालकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधारची छायाचित्रे आणि वहीत लिहून ठेवलेले पासवर्ड अशी सगळी खासगी माहिती आमच्या कपाटात पडून असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा, ज्या दिव्यांग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे तिची माहिती हाताळण्यापूर्वी त्या पालकाची पडताळणीयोग्य संमती मागतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला की बौद्धिक अक्षमता असली तरी आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. त्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे जावे लागते. इतक्या खटपटीने मिळवलेला पालकत्वाचा आदेश नोंदवायला आम्ही वापरतो त्या बहुतेक पोर्टलवर रकानाच नाही!

असा रकाना करणे अवघड आहे असेही नाही. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘निरामय’ या वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विमा योजनेत नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज करण्याची पद्धत रुळलेली आहे. संस्था कोणती, अर्ज कोणाचा, हे तिथे उघड असते. हीच पद्धत इतर पोर्टलवर आणावी: संस्थेला स्वतःचे लॉगिन असावे, पालकाच्या लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमतीनंतरच त्या मुलापुरता प्रवेश मिळावा, कोणी काय भरले याची नोंद राहावी आणि पालकाला वाटेल तेव्हा तो प्रवेश बंद करता यावा. बँक खात्याचा तपशील बदलण्याचा अधिकार मात्र संस्थांना मुळीच देऊ नये, कारण अनुदानावर डोळा ठेवणाऱ्या संस्थाही या क्षेत्रात आहेत.

महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग आहे. त्याने निदान स्वतःच्या योजनांपासून ही सुरुवात करावी, आणि तोवर प्रत्येक अर्जात दुसरा मोबाइल क्रमांक नोंदवण्याची सोय ठेवून तपासणीचा संदेश दोन्ही क्रमांकांवर जाईल अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

आपली,
एक विशेष शिक्षिका, जि. सातारा