हाताने रंगवलेली म्हणून विकलेली छापील पेटी

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'चित्रकाराने हाताने रंगवलेल्या' हार्मोनियमवर छापील फिल्म निघाल्याने पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

गायनाच्या शिकवणीसाठी मी तुमच्याकडून डबल रीडची पेटी घेतली. साध्या पेटीपेक्षा 14,000 रुपये जास्त मोजले. बिलात ते 'हस्तचित्रकाम, सावंतवाडी गंजिफा शैली' असे वेगळे लिहिलेले आहेत. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल खेळायचे पत्ते. झाकणावर दशावताराची दहा गोल चित्रं आहेत. लांबून देखणी दिसतात.

भिंग धरलं की रंगाच्या जागी निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके दिसतात, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे. मत्स्याच्या डोळ्याखाली काळ्या रंगाचा छोटा ओघळ आहे. हाताच्या कामाची खूण म्हणून तो मला आवडलाही होता. पण माझ्या विद्यार्थिनीने तुमच्याकडूनच घेतलेल्या पेटीवर तोच ओघळ, त्याच जागी, तेवढाच आहे. पावसाळ्यात फिल्मच्या कडा सुटल्या आणि खाली नुसतं पॉलिश निघालं.

दिखाव्यापुरतंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. फिल्म झाकणातल्या, नाद बाहेर पडण्याच्या जाळीवरही ताणून चिकटवली आहे आणि भोकं नंतर पाडली आहेत, त्यातली बरीच अर्धवट उघडी. मंद्र सप्तकात सूर कोंडतो. झाकण काढून वाजवलं की मोकळा होतो. फिल्मवर मारलेलं लॅकर पट्ट्यांच्या फटीत उतरल्याने काळी दोन ही पट्टी दाबली की खालीच बसून राहते. सूर मात्र चांगले लावलेत आणि भाताही घट्ट आहे, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

तुमच्या माहितीपत्रकात इंग्रज चित्रकार बर्न-जोन्सने रंगवलेल्या पियानोचा दाखला आहे. विल्यम ग्रॅहम यांनी मुलीसाठी, फ्रान्सिससाठी, तो 1879-80 च्या सुमारास करवून घेतला. पियानो ब्रॉडवूड कंपनीचा, त्यावर ग्रीक पुराणातल्या ऑर्फियस या गायकाची कथा गोल चित्रांत. तुमच्या पेटीचा त्याच्याशी संबंध गोल आकारापुरताच. दुसरा दाखला अँटवर्पच्या रुकर्स या वाद्य बनवणाऱ्या घराण्याच्या हार्प्सिकॉर्डचा, म्हणजे पियानोच्या आधीच्या, पट्ट्या दाबून वाजवायच्या तंतुवाद्याचा. तो तर तुमच्यावरच उलटतो. रुकर्सच्या कारखान्यातही छापील नक्षीचा कागद चिकटवत, पण झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पट्ट्यांच्या आसपास. जिथून नाद उमटतो त्या साउंडबोर्डवर मात्र फुलं, पाखरं, किडे पातळ रंगात हातानेच काढलेले असत. छापील ते छापील, रंगवलेलं ते रंगवलेलं. तुम्ही नेमका नादाचाच रस्ता प्लास्टिकने बुजवलात.

सावंतवाडीचे चितारी दशावतारी गंजिफाचा 120 पानांचा एकेक संच हाताने रंगवतात. त्यांचं नाव लावून फिल्म विकणं हा माझ्याइतकाच त्यांच्यावरही अन्याय आहे. चित्रकाराचं नाव मी दोनदा विचारलं. 'आमची टीम' एवढंच उत्तर मिळालं.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, 'ऑर्डरप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही.' एकच चित्र सगळ्या पेट्यांवर चिकटत असेल तर माझ्या ऑर्डरप्रमाणे काय बनवलं?

माझ्या मागण्या अशा : पेटीची पूर्ण किंमत परत करावी आणि पेटी स्वखर्चाने न्यावी. ते जमत नसेल तर चित्राविना, त्याच रीडची साधी पेटी द्यावी आणि 14,000 रुपये परत करावेत. दोन्हींपैकी काहीही केलंत तरी संकेतस्थळावरचा 'हाताने रंगवलेली' हा मजकूर काढावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांबद्दल मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करेन. या कायद्याने ती इथेच करता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही.

बिलाची प्रत, दोन्ही पेट्यांवरच्या ओघळाचे फोटो आणि झाकणासह व झाकणाविना वाजवल्याचं ध्वनिमुद्रण सोबत जोडलं आहे. पेटी न्यायला माणूस पाठवणार असाल तर सकाळी पाठवा. संध्याकाळी शिकवणी असते आणि सध्या मुलं याच पेटीवर गातात.

आपली,
(स्वाक्षरी)