अंडे आणि शेंगदाणा बाळाला केव्हा द्यायचा, याबरोबरच कसा शिजवून द्यायचा हेही सांगा

माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी अन्नतंत्रज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला जो वरचा आहार सुरू होतो, त्यात अंडे आणि शेंगदाणा कोणत्या रूपात द्यावा, याविषयी आपल्या खात्याने स्पष्ट लेखी सूचना काढावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या नातवाला चौथ्या महिन्यापासून इसब होते आणि गुडघ्यांच्या लवणीतली कातडी फाटून लाल होत असे. ‘तीन वर्षांपर्यंत अंडे व दाणे वर्ज्य’ असे एका कागदावर लिहून मिळाले आणि तो आम्ही निष्ठेने पाळला. मात्र त्याच स्वयंपाकघरात एक दिवसाआड दाण्याचे कूट होत होते आणि ओट्यावरून सांडलेली त्याची पूड रांगत्या बाळाच्या त्याच फाटलेल्या कातडीला लागत होती. दोन वर्षांचा असताना त्याने चिक्कीचा एक तुकडा खाल्ला. दहा मिनिटांत ओठ सुजले आणि अंगभर गांधी उठल्या.

एका मुलावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी जाणते. पण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली दिलेला तीन वर्षांच्या पथ्याचा सल्ला 2008 मध्ये मागे घेतला गेला. पुढे 2015 मध्ये लंडनच्या डॉ. गिडिअन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या 640 बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेंगदाणा टाळणाऱ्यांपैकी 17.2 टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जी होती, तर नियमित खाणाऱ्यांत ते प्रमाण 3.2 टक्के होते. फाटक्या त्वचेवाटे आत आलेल्या प्रथिनाला शरीर शत्रू समजते आणि आतड्यावाटे आलेल्याला सोसायला शिकते, असे डॉ. लॅक यांचे प्रतिपादन आहे.

मला आपले लक्ष वेधायचे आहे ते याच्या पुढच्या प्रश्नाकडे, म्हणजे पचनाकडे. शेंगदाण्यातील ‘अ‍ॅरा एच 2’ हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी इतके घट्ट विणलेले असते की जठरातील पेप्सिन हे पाचक द्रव्य त्याचे सहज तुकडे करू शकत नाही, आणि तान्ह्या बाळाच्या जठरात आम्लही कमी असते. न पचलेला घट्ट रेणू अ‍ॅलर्जीचा झटका आणू शकतो. उलट प्रथिनाचा पार चुरा झाला, तर प्रतिकारशक्तीला ओळखायला काही उरत नाही. प्रथिने आधीच तोडून तयार केलेल्या दूधपावडरींनी अ‍ॅलर्जी टळते, या दाव्याला 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात आधार सापडला नाही, तो बहुधा यामुळेच. शिजवण्याचे महत्त्व येथे आहे. उष्णतेने अंड्यातील मुख्य प्रथिनाची घडी उलगडते, ते लवकर पचते आणि झटका आणणारा त्याचा आकार मोडतो. परंतु सहनशीलता शिकवणाऱ्या पेशी प्रथिनाच्या ज्या सरळ तुकड्यांवरून त्याची ओळख पटवतात, ते शिल्लक राहतात. ऑस्ट्रेलियात कच्च्या अंड्याची पूड दिलेल्या इसबग्रस्त बाळांपैकी जवळपास एकतृतीयांश बाळांना त्रास झाला. जपानमध्ये मात्र इसबावर उपचार चालू ठेवून शिजवलेल्या अंड्याची पूड आधी रोज 50 आणि नवव्या महिन्यापासून 250 मिलिग्रॅम दिली, तेव्हा वर्षाच्या वयात 8 टक्के बाळांनाच अंड्याची अ‍ॅलर्जी आढळली. पूड न मिळालेल्यांत 38 टक्के.

शेंगदाण्याचेही तसेच आहे. कोरडे भाजल्याने त्याची अ‍ॅलर्जीकारकता वाढते. शेंगा मीठ घालून उकडल्या की काही प्रथिने पाण्यात उतरतात आणि ती घटते. कुकर उघडल्यावर तळाशी दिसणारे ते तपकिरी पाणी आपण ओतून देतो. उकडलेल्या शेंगा आपल्याकडे घरोघरी होतात, पण बाळाच्या वाटीत जाते ते भाजलेल्या दाण्याचे कूट.

अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातील सात महिन्यांपुढच्या बालकांना अंडे मिळतेच. म्हणून विनंती अशी की, माता-बाल संरक्षण कार्डावर आणि आशाताईंच्या प्रशिक्षणात पुढील मजकूर यावा: अंडे पूर्ण उकडून व कुस्करून द्यावे, शेंगदाणा मऊ व पातळ करून द्यावा, अख्खा दाणा कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो, एकदा सुरू केलेला पदार्थ दर आठवड्याला चालू ठेवावा, आणि तीव्र इसब असलेल्या बाळाला आधी डॉक्टरांना दाखवून, इसब आटोक्यात आणून मगच सुरुवात करावी. तान्ह्या बाळांना सर्रास दिल्या जाणाऱ्या आम्लरोधक औषधांबाबतही प्राथमिक आरोग्य केंद्रांना सावध करावे. अमेरिकेतील सुमारे 7.9 लाख मुलांच्या नोंदींच्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या सहा महिन्यांत ही औषधे मिळालेल्यांमध्ये अन्नाच्या अ‍ॅलर्जीचे प्रमाण दुपटीहून अधिक दिसले. नोंदींवरून कारण ठरत नाही, पण विनाकारण औषध न देण्यास तेवढे पुरेसे आहे.

आपले कूट, आपल्या उकडलेल्या शेंगा आणि आपले अंडे बाळाच्या जठरासारख्या सौम्य आम्लात किती पचते, याची मोजणी परभणीच्या कृषी विद्यापीठातील अन्नतंत्र महाविद्यालयासारख्या ठिकाणी करता येईल. या कामासाठी खात्याने निधी द्यावा. अनुभव आणि वेळ द्यायला मी विनामोबदला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका