बाइंडरकाका, कडा राखल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचा फोन बटणांचा, त्यामुळे हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागेल. समोर बोलायला गेलो की माझा घसा दाटतो आणि तुम्ही 'चहा घ्या' म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय.

माझ्या ताईची आर्ची कॉमिक्स, म्हणजे आर्ची नावाच्या अमेरिकन शाळकरी पोराच्या विनोदी चित्रकथा. ऐंशीच्या दशकात रद्दीवाल्याकडून एकेक करून जमवलेली. मुखपृष्ठावर 12 सेंट, 15 सेंट छापलेलं, म्हणजे आमच्या घरी येईपर्यंत अंकांनी वीसेक वर्षं कुठे कुठे काढलेली. पिना गंजलेल्या, मधली पानं सुटलेली. गेल्या श्रावणात ताई गेली. कपाटातून ते बाड निघालं आणि भाचीला दिसलं की कडेच्या कोऱ्या पट्टीत आईनं पेन्सिलीनं काय काय लिहून ठेवलंय.

तुमच्याआधी मी दुसऱ्या एकाकडे गेलो होतो. चकचकीत दुकान, काचेचा दरवाजा. दहा अंक दिले. त्यानं बांधून, तिन्ही बाजूंनी मशिनवर कापून गुळगुळीत करून हातात ठेवले. 'बघा, काय फिनिशिंग आलंय!' ताईची अक्षरं अर्धी उडालेली. कापलेल्या पट्ट्या तरी द्या म्हटलं, तर म्हणाला, 'तो कचरा कोण ठेवतं?' चूक माझीही होती, आधी सांगायला हवं होतं. पण पानं त्याच्याही डोळ्यांसमोरून गेलीच होती ना?

उरलेले अंक तुमच्याकडे टाकले तेव्हाही मी काही बोललो नव्हतो. बोलण्यात अर्थ वाटत नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. 'साहेब, कडेला पेन्सिलीनं लिहिलंय कुणीतरी. मशिनला लावलं तर जाईल. कडा वेड्यावाकड्या राहिल्या तर चालतील का?'

चालतील का! ऑफिसच्या जिन्यात उभा राहून रडलो, काका.

त्या कडांवर काय होतं सांगतो. आर्चीचा मित्र जगहेड डोक्यावर दातेरी मुकुटासारखं काहीतरी घालतो. तिथे ताईनं लिहिलंय, 'आजोबांच्या काळ्या टोपीची होईल?' झाली. कात्रीनं दाते पाडले आणि तिनं मरणाचा मार खाल्ला. मला फार पुढे कळलं की ती टोपी चित्रकाराच्या मनातली नव्हतीच. त्या काळी अमेरिकेतली पोरं आणि गॅरेजमधले मेकॅनिक जुन्या फेल्ट हॅटची कड कातरून, वर दुमडून खरोखर तशी घालायचे. फॅशन गेली, जगहेडच्या डोक्यावर राहिली. म्हणजे आजोबांच्या टोपीवर ताईनं जे केलं ते अगदी शास्त्रशुद्ध होतं. त्यांना हे कुणी सांगायला हवं होतं.

एका पानावर आर्ची आणि कंपनी गिटार घेऊन गातायत. शेजारी, 'यांची कॅसेट कुठे मिळते?' गंमत म्हणजे मिळाली असती. 1968 मध्ये टीव्हीवर त्यांचं कार्टून आलं, त्यात त्यांचा बँड झाला, आणि 1969 मध्ये 'शुगर, शुगर' हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर होतं. स्टुडिओतल्या गायकांनी गायलेलं, नाव मात्र कागदावरच्या पोरांचं. भाचीला आर्चीचं गाव रिव्हरडेल माहीत होतं ते 2017 च्या मालिकेतलं, खूनबिन होणारं. ती म्हणाली, 'मामा, हे विनोदी होतं?'

ताईच्या आजारपणात एका नर्सनं तिच्या मनगटावरचा दोरा कापण्याआधी विचारलं होतं, 'कापू का? की सोडून बाजूला ठेवू?' आम्ही तिचं नाव विचारायला विसरलो. तुमच्या फोननंतर तीच आठवली. तिला घाई होती, तुम्हालाही असेल, दुकानात प्रबंधांचे गठ्ठे मी पाहिले की. तरी तुम्ही दोघं थांबलात. घाई नसलेली माणसं मात्र मला वर्षभर 'सिस्टीममध्ये बसत नाही' एवढंच सांगत होती.

अंक न्यायला आलो तेव्हा तुम्ही एक पान उघडून दाखवलंत. कडेला 'बे' आणि 'व्हे', खाली उभ्या रेघांचे गठ्ठे. 'हा हिशोब कसला?' मी सांगितलं, बेटी मध्यमवर्गातली, व्हेरोनिका गडगंज श्रीमंताची, आणि दोघींपैकी कोण, हे आर्चीचं ठरत नाही. ताई दर गोष्टीनंतर मत नोंदवायची.

'कधीपासून ठरत नाही?'

'तो आणि बेटी 1941 च्या डिसेंबरात आले. व्हेरोनिका पुढच्या एप्रिलात.'

तुम्ही हातावरची खळ पुसलीत, चष्मा कपाळावर ढकललात आणि म्हणालात, 'मग घरचे काही बोलत नाहीत का त्याला?'

ताई असती तर हे तिनं कडेला लिहून ठेवलं असतं. मी लिहिलंय, त्याच पानावर, पेन्सिलीनं. तुम्ही जागा ठेवलीत म्हणून.

तुमचा,
वेड्यावाकड्या कडांचा गिऱ्हाईक