आत्यासाठी जागा बघायला जाताना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याच्या कॅन्सरसाठी सुचवलेलं ते हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या पेशंटांचं दुखणं कमी ठेवून शेवटपर्यंत काळजी घेणारं केंद्र, शनिवारी बघायला जाणार आहात ना? फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, कागद खिशात ठेवा आणि तिथे गेल्यावर उघडायला लाजू नका.

सकाळी अकराला मात्र जाऊ नका. तेव्हा फरशी पुसलेली असते, चादरी बदललेल्या असतात आणि डॉक्टरही हजर असतात. संध्याकाळी साडेसात-आठला जा. पाळी बदलण्याची वेळ असते, म्हणून दोन्ही पाळ्यांची माणसं एकदम दिसतात. जाणारी सिस्टर येणारीला खाटेजवळ उभी राहून पेशंटबद्दल सांगते, की नुसती वही सरकवते, ते बघा. रात्री किती सिस्टर असतात हे काउंटरवर विचारू नका, तिथे ‘भरपूर’ असंच उत्तर मिळतं. ड्युटीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, तो वाचा. सिस्टर आणि मावशी वेगवेगळ्या मोजा. मावशी डायपर बदलतील, पाणी पाजतील. पण रात्री तीनला दुखायला लागलं तर औषध सिस्टरनेच द्यायचं असतं.

आता मुख्य मुद्दा, मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध. त्यांच्याकडे ते कपाटात आहे का, हे सरळ विचारा. ‘लागलं तर मागवतो’ हे उत्तर धरायचं नाही. मॉर्फिन ठेवायला मान्यता लागते, कुलूपबंद कपाट लागतं, प्रत्येक गोळीचा हिशेब रजिस्टरमध्ये लिहावा लागतो. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ही मान्यता मिळवणं सोपं झालं, तरी बरीच छोटी नर्सिंग होम त्या भानगडीत पडत नाहीत आणि ट्रामाडॉल या त्याहून सौम्य वेदनाशामकावर दिवस काढतात. ट्रामाडॉलला मर्यादा आहे. दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर ते देत नाहीत, आणि आत्याचं दुखणं त्याच्या पलीकडे गेलेलं आहे.

मॉर्फिनची साधी गोळी चार तासांची असते, म्हणून ती घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला बहुतेक ठिकाणी दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. शिवाय मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस चार्टवर आधीच लिहिलेला हवा. तो साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश असतो. दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा डोस १० चा. असा जादा डोस रोज तीन-चारदा लागतोय आणि मूळ मात्रा तशीच आहे, असं एखाद्या चार्टवर दिसलं तर समजा की तो चार्ट भरला जातो, वाचला जात नाही.

मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवशी सुरू व्हायला हवं. ‘त्रास झाला तर देऊ’ म्हणणाऱ्यांना हा विषय कळलेला नाही. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची चार-आठ दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहतो. पाच-सहा दिवस शौचाला झालं नाही की पेशंट तळमळतो, उलट्या करतो, आणि घरचे म्हणतात आजार वाढला. आणि बाबा, तुम्हाला वाटतं तसं मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. मात्रा थोडी थोडी वाढवत नेली तर तो शांत झोपतो, एवढंच. आत्याला सध्या लावलेली फेंटानिलची पट्टी, म्हणजे कातडीतून वेदनाशामक सोडणारी, ७२ तासांची आहे. तिथली सिस्टर पट्टीवर पेनने तारीख-वेळ लिहिते का, जुनी काढूनच नवी लावते का, हे विचारा. पट्टीवर गरम पाण्याची पिशवी कधीच ठेवायची नाही, उष्णतेने औषध एकदम अंगात उतरतं.

आई, तू पेशंटच्या पायांकडे बघ. चेहरा कुणीही पुसून ठेवतं. टाचा आणि माकडहाड खरं सांगतात. निजून असलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते आणि खाटेपाशी त्याचा तक्ता लटकवलेला असतो. आठ, दहा, बारा, दोन, चार, सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात, एकाखाली एक सरळ रेषेत असतील तर तो तक्ता एका बैठकीत भरलाय. खऱ्या तक्त्यात शाई बदलते, सही बदलते, मधेच ‘जेवत होते, नंतर’ असंही लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर जखमेची सुरुवात लाल दिसेलच असं नाही. तिथली जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागते, हाताला कळतं. हवेची गादी असेल तर तिचा पंप चालू आहे का बघ. त्यावर दुपटी आणि प्लास्टिकचे चार थर घातले असतील तर ती गादी निरुपयोगी. मेडिकलमध्ये मिळणारी रबरी रिंग कुणाच्या खाली दिसली तर तेवढ्यावरून त्या जागेला अर्धे गुण काप. रिंगच्या कडेने रक्त अडतं आणि जखम वाढते. अजून विकतात ती, काय बोलणार!

तोंड उघडं ठेवून झोपलेल्या एखाद्याचे ओठ आणि जीभ दिसली तर बघ. पांढरा थर, सुकलेली लाळ म्हणजे दोन-चार तासांनी तोंड पुसणं होत नाही. त्याला लागतं काय, तर मऊ ब्रश किंवा गॉज, पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा आणि माणसाचा वेळ. वासाचंही तेच. चिघळलेल्या गाठीवर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची गोळी कुटून तिची पूड पसरली की दुर्गंधी बरीच कमी होते. वॉर्डभर उदबत्त्या आणि फिनेलचा मारा असेल तर आधी ड्रेसिंग कोण आणि केव्हा करतं ते विचारा.

डॉक्टरांना एकच प्रश्न: रात्री दोनला दम लागला किंवा रक्त आलं तर तुम्ही काय करता? ‘हॉस्पिटलला पाठवतो’ हेच उत्तर प्रत्येक वेळी मिळालं तर ते हॉस्पिस नाही, बाहेर पाटी लावलेला वृद्धाश्रम आहे. जाणकार माणूस सांगेल की डोकं उंच करतो, चेहऱ्यावर पंखा सोडतो, थोडं मॉर्फिन देतो. रक्ताची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल उशाशी आधीच ठेवलेले असतात, म्हणजे पेशंट आणि नातेवाईक घाबरत नाहीत. सगळ्यांच्या हाताला सलाईन लटकत असेल तर तेही खटकू द्या. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप कमी होते, जादा पाण्याने सूज आणि छातीतली घरघर वाढते. तेव्हाचं सलाईन बरेचदा नातेवाइकांच्या समाधानासाठी असतं.

आणि तुम्ही बसल्यावर ते आधी काय विचारतात याकडे लक्ष द्या. ‘त्यांना आजाराबद्दल किती माहीत आहे?’ असं विचारलं तर बरं लक्षण. आधी डिपॉझिट आलं तर उठायला हरकत नाही. डायपर, ऑक्सिजन, रात्रीची मावशी यांचे पैसे वेगळे का, ते लेखी घ्या.

खाजगी जागा नाहीच पटली तर पुण्यात वारज्याचं सिप्लाचं केंद्र आहे, १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटांची विनामूल्य काळजी घेतं. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पण आत्याला एवढा प्रवास नको. जाल तिथे बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र आणि आधारच्या झेरॉक्स न्या.

व्हेंटिलेटर नको, हे आत्या स्वतः म्हणते तर ते कागदावर आणा. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. त्याची प्रत केंद्राच्या फाईलमध्ये लागली पाहिजे, नाहीतर रात्रपाळीचा डॉक्टर घाबरून अँब्युलन्स बोलावतो.

आणि ती घरीच राहायचं म्हणाली, तर घरी येणाऱ्या टीमला दोन गोष्टी आधी विचारून ठेवा: रात्री फोन कोण उचलतं, आणि मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण सही करणार. घरच्या मृत्यूसाठी तो नमुना ४अ असतो आणि उपचार करत असलेल्या डॉक्टरने द्यायचा असतो. ऐन वेळी अनोळखी डॉक्टर सही करत नाहीत, आणि स्मशानात तो कागद आधी मागतात. आई, हे वाचायला वाईट वाटेल, पण आत्ताच विचारा.

शनिवारी रात्री नऊनंतर फोन करा, मी जागी असेन.

तुमची,
राणी

ता. क. आत्याची कवळी झाकणाच्या डबीत घालून डबीवर तिचं नाव लिहा. वॉर्डात डब्या सारख्याच दिसतात.