छापलेला जबडा गरिबालाही मिळावा

महोदय,

थ्रीडी प्रिंटिंगचा, म्हणजे थरावर थर देत वस्तू छापण्याचा, विषय निघाला की चर्चा लगेच छापलेल्या हृदयापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत जाते. ते व्हायचे तेव्हा होईल. आज हाताशी आहे, त्याबद्दल हे पत्र.

मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका होते. तंबाखू, खर्रा, गुटख्यापायी आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण येतात, हे वेगळे सांगायला नको. खालचा जबडा काढावा लागला की पायातले फिब्युलाचे हाड घेऊन नवा रचतात. सरळ हाडाला जबड्याचे वळण द्यायचे, तर ते नेमक्या कोनात कापावे लागते. हे तुकडे जोडून धरणारी टायटॅनियमची पट्टी वाकवायची, लावून पाहायची, काढून पुन्हा वाकवायची. हे सारे रुग्ण भुलेखाली असताना चालते.

सीटी स्कॅनवरून जबड्याची हुबेहूब प्रतिकृती छापली, तर तीच पट्टी आदल्या दिवशी निवांत वाकवून निर्जंतुक करून ठेवता येते. करवत कुठे आणि किती तिरकी चालवायची, याचे साचेही छापता येतात. एक बाजू आजाराने खाल्ली असेल, तर संगणक धडधाकट बाजू आरशातल्यासारखी उलटी करून गेलेली बाजू आखून देतो. भुलेचा वेळ वाचतो. दातांवर दात नीट बसण्याची शक्यता वाढते, आणि रुग्णाच्या दृष्टीने भाकरी चावता येणे ही फार मोठी गोष्ट असते!

2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने कितीतरी जणांचा वरचा जबडा आणि टाळू नेला. अशा माणसाला पाणी प्यायले तरी ते नाकातून येते, बोललेले दुसऱ्याला कळत नाही. सरकारने तेव्हा हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला, ते उत्तमच झाले. पण बुरशी काढली म्हणजे उपचार संपत नाहीत. टायटॅनियमच्या भुकटीचे थर लेसरने वितळवून रुग्णाच्या मापाचे हाड घडवता येते. मजुरी करणाऱ्याने त्याचा खर्च कुठून आणावा?

निदान प्रतिकृती आणि साचे छापण्याची सोय प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हवी. जिथे लगेच जमणार नाही, तिथे जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मदत घ्यावी. आयआयटी मुंबईत 2014 पासून ‘बेटिक’ केंद्रात डॉक्टर आणि अभियंते मिळून वैद्यकीय उपकरणे घडवत आहेत, तेव्हा ही कल्पना काही हवेतली नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाने त्यासाठी तरतूद करावी आणि जबड्याच्या पुनर्रचनेचा खर्च, छपाईसकट, योजनेत स्पष्टपणे नमूद करावा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा