रानपिंगळ्याच्या मुलुखातून

धारणी तालुका, मेळघाट
जानेवारी अखेर

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्ध्यावरच तुटलं. इथे रेंज टेकडीच्या एका कोपऱ्यावर मिळते, तीही वाऱ्याच्या मर्जीवर. बाबांनी नोकरीचं विचारलं होतं, त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आई, आधी तुझं. आत्याबाई काय म्हणतात ते दादाने सांगितलं. घुबडामागे हिंडणाऱ्या पोरीला स्थळ कोण देणार, असंच ना? तू मनाला लावून घेऊ नको. मी ज्याच्यामागे फिरते तो रानपिंगळा जेमतेम वीतभर उंचीचा. बाकीच्या घुबडांसारखा रात्रीच हिंडणारा नाही, दिवसाढवळ्या शिकार करतो. थंडीत सकाळचं ऊन अंगावर घेत सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला असतो आणि खालच्या पाचोळ्यात सरडा हलला की झेप घेतो. आपल्या वावरातला साधा पिंगळा तू पाहिला आहेस. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. मादी ढोलीत अंडी उबवते तेव्हा नर तिला आयतं खाणं आणून देतो. मी तासन्‌तास समोरच्या झाडाखाली बसून नर काय आणतो आणि किती वाजता आणतो ते लिहीत असते. न पचलेली हाडं आणि केस तो गोळी करून ओकतो. त्या गोळ्या गोळा करून विद्यापीठात नेते आणि पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवते. कधी उंदराचा जबडा निघतो, कधी सापसुरळीचे खवले, कधी नुसते किड्यांचे पंख. तुला हे किळसवाणं वाटेल, पण रानात कोण कोणावर जगतं याचा याहून पक्का हिशोब मला माहीत नाही.

बाबा, आता तुमचं. या पक्ष्याची एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली होती. 1873 साली ह्यूम या इंग्रजाने त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. पुढच्या काही वर्षांत मोजकेच पक्षी मारून, पेंढा भरून संग्रहालयांत गेले. खानदेशात शहाद्याच्या बाजूला ते गोळा करणारा डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी होता, म्हणजे एका अर्थी तुमच्याच महसूल खात्यातला. 1884 नंतर मात्र रानपिंगळा कोणाला दिसला नाही. अपवाद एकच. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने आपण 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ एक मिळवल्याचं पेंढा भरलेल्या पक्ष्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. लोकांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला आणि तिच्या आधाराने शोध घेतला. मिळालं काहीच नाही. त्या भागात दिसत नाही म्हणजे पक्षी संपलाच असावा, असं वाटू लागलं.

पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी त्या कर्नलच्या संग्रहातले पक्षी बारकाईने तपासले. माणूस मोठ्या नावाचा होता, पण संग्रहालयातले दुसऱ्यांचे पक्षी चोरून त्यांवर स्वतःच्या चिठ्ठ्या लावायचा. हा रानपिंगळाही डेव्हिडसनने मिळवलेलाच होता. आतली भरण आणि शिवण त्याच्या हातची निघाली. मग बाईंनी मांडवीचा नाद सोडला आणि जिथल्या नोंदी खऱ्या होत्या तिथे त्या आपल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन गेल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या टेकड्यांत, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, भर उजेडात रानपिंगळा समोर बसलेला! मध्ये 113 वर्षं गेली होती. पुढे तो आपल्या मेळघाटातही सापडला. मी शाळेत जात होते तेव्हाही तो इथे होता, आपल्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर.

हे वाचलं तेव्हा मला तुमची पीक पाहणी आठवली. बाकीचे तलाठी चावडीत बसून मागच्या सालचे पेरे उतरवून काढत, तुम्ही धुऱ्याधुऱ्याने जायचे. कोणाच्या वावरात तूर आहे, कोणाची पऱ्हाटी जळली, पडीत किती, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नमुना बारात लिहीत नव्हते. तुम्ही घरी उशिरा यायचे म्हणून आई चिडायची आणि मलाही राग यायचा. आज मी तेच काम करते, फक्त माझ्या नमुन्यात झाडं आणि पाखरं आहेत. जिथे पक्षी दिसला नाही तिथेही जाऊन ‘दिसला नाही’ असं लिहावं लागतं, तारीख आणि वेळेसकट. ती रिकामी ओळसुद्धा पुढच्या माणसाच्या कामाची असते.

म्हणून ती नोकरी मी घेतली नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही. प्रकल्पांसाठी पर्यावरणाचे अहवाल करून देतात, पगार माझ्या फेलोशिपपेक्षा बराच जास्त. मुलाखतीत मी विचारलं की एका जागेवर पाहणी किती ऋतू करता. उत्तर आलं की जुन्या अहवालातल्या याद्या असतात, त्याच पुढे घ्यायच्या. पावसाळ्यात काय दिसतं आणि उन्हाळ्यात काय, ते न बघताच जंगलावर सही करायची! मी तिथून उठून आले. असे अहवाल प्रामाणिकपणे करणारे लोकही आहेत. तशी जागा निघाली तर अर्ज करीन, हा माझा शब्द. फेलोशिप अजून चालू आहे, खाण्यापिण्याची काळजी करू नका. इथल्या कोरकू घरांत मला ज्वारीची भाकरी रोज मिळते. सोबत रानात येणारा इथला भाऊ पक्ष्याच्या आवाजावरून झाड सांगतो. प्रबंधात त्याचं नाव आभारापुरतं ठेवणार नाही, नोंदी कोणाच्या ते स्पष्ट लिहीन.

आणि एक विनंती. विहिरीजवळच्या धुऱ्यावरचा म्हातारा कडूनिंब तोडायला व्यापारी येतो म्हणालात. वावर तुमचं, झाड तुमचं, पैशाची गरजही मला कळते. पण त्याच्या ढोलीत साधा पिंगळा राहतो. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा पिल्लांचा काळ, आणि संत्र्याच्या बागेतले उंदीर तो रात्रभर टिपत असतो. अशी ढोली नव्या झाडाला येत नाही, तिला पुष्कळ वर्षं लागतात. माझं ऐकाल तर झाड ठेवाच. ते जमत नसेल तर निदान मे लागेपर्यंत व्यापाऱ्याला थांबवा. तोवर मी येते, आपण दोघं जाऊन ढोली बघू आणि मग ठरवू.

आंबिया बहार यंदा कसा धरला ते कळवा. बीपीची गोळी संपायच्या आधी दादाला परतवाड्याहून आणायला सांगा. आई, जवसाची चटणी संपली आहे. कोणी धारणीकडे येत असेल तर पाठव.

तुमची
धाकटी